गिनरिन

गिनरिन : एक दुर्मिळ जपानी प्रायोगिक लघुपट (१९५६, काही सूचींत १९५५). शीर्षकाचा अर्थ ‘रुपेरी चाक’. दिग्दर्शकांपैकी तोशिओ मात्सुमोतो (१९३२–२०१७) हा टोकिओ विद्यापीठातून १९५५ मध्ये पदवी घेऊन शिन रिकेन या चित्रपटसंस्थेत नुकताच दाखल झाला होता. लघुपटाचे प्रयोजन निव्वळ व्यापारी होते. जपानी सायकल उद्योगाच्या संघटनेला आपल्या मालाची प्रसिद्धी करावयाची होती. मात्सुमोतोने मात्र या कामासाठी ‘जिक्केन कोबो’ (प्रायोगिक कार्यशाळा) या १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कलावंतगटास पाचारण केले. दृश्यरचनेत कात्सुहिरो यामागुची व शोझो कितादाई यांचा सहभाग होता. संगीत तोरू ताकेमित्सु व हिरोयोशी सुझुकी यांचे, तर विशेष चमत्कृतिदृश्ये गॉडझिला (१९५४) या चित्रपटामुळे ख्यातनाम झालेल्या एइजी त्सुबुरायाची होती.

सायकलीविषयीचे पुस्तक चाळणारा एक मुलगा स्वप्नात शिरतो आणि चाके, धावा, आरे सुटे होऊन अवकाशात तरंगू लागतात, एवढेच याचे कथासूत्र. ध्वनिमुद्रित नादांवर प्रक्रिया करून रचलेले ‘मूर्त संगीत’ त्यास साथ देते. रूढ अर्थाने यास अनुबोधपट म्हणणे कठीण आहे. तथापि बाह्य वस्तूचे चित्रण आणि अंतर्मनाचा शोध यांची सांगड घालणाऱ्या ज्या अनुबोधपटाचा मात्सुमोतोने १९५८ पासून लेखांतून पुरस्कार केला, त्याची बीजे येथे दिसतात. क्योटोच्या विणकरांवरील निशिजिन (१९६१) हा त्याचा लघुपट त्याच वाटेवरचा आहे.

जाहिरातपटांच्या प्रती जपून ठेवण्याची कोणास गरज वाटत नाही. माल खपला की त्यांचे काम संपते. गिनरिनही अनेक दशके नष्ट झाल्याचे मानले जात होते. याच काळात त्याविषयीचे कुतूहल वाढत गेले. ताकेमित्सुच्या संगीताचे अभ्यासक, त्सुबुरायाच्या चमत्कृतींचे चाहते आणि युद्धोत्तर चित्रकलेचे संग्राहक असे एरवी परस्परांशी संबंध नसलेले लोक या एकाच लघुपटाचा शोध घेत राहिले. हे आकर्षण बव्हंशी श्रेयनामावलीतील नावांचे होते, कारण प्रत्यक्ष कृती पाहिलेले फारच थोडे होते. २००५ मध्ये मूळ फिल्म सापडली. टोकिओच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राने पुढे तिचे अंकीय पद्धतीने पुनरुज्जीवन केले व विटलेले रंग पूर्ववत करण्याचा प्रयत्न झाला. त्यावेळी मात्सुमोतो व यामागुची हयात होते. ताकेमित्सु १९९६ मध्ये, तर कितादाई २००१ मध्ये निवर्तला होता.