काचेत लोपणारी राळ

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या अरण्यांत बाल्सम फर नावाचा एक सूचिपर्णी वृक्ष वाढतो. त्याच्या सालीवर ठिकठिकाणी लहान फोड येतात आणि ते टोचून त्यांतून पाझरणारा दाट, फिकट पिवळा रस थेंबाथेंबाने गोळा करण्याचा उद्योग त्या मुलुखात दीर्घकाळ चालत आला. व्यापारात या रसाला कॅनडा बाल्सम म्हणतात. मोटारीच्या पुढच्या काचेला खडा लागून पडलेली भेग राळ भरून बुजवण्याचा जो पेशा अलीकडे शहरोशहरी रुजला आहे, त्याचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य स्वाभाविकपणे मोटारीपासून आरंभ करील. परंतु माझ्या मते या विद्येचे दप्तर मोटारीच्या कारखान्यात नव्हे, तर भिंगे घासून सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणी जुळवणाऱ्या कारागिरांच्या बाकावर उघडले पाहिजे. कारण काचेला काच जोडावयाची आणि सांधा मात्र डोळ्यांना दिसू द्यावयाचा नाही, हा पेच मोटारीचा जन्म होण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ त्यांच्यासमोर उभा होता, आणि त्यावर काढलेल्या तोडग्याचे गुणदोषही प्रथम त्यांच्याच अनुभवास आले.

भेग दिसते ती काचेमुळे नव्हे, भेगेत शिरलेल्या हवेमुळे. खिडक्यांच्या व मोटारींच्या साध्या काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५२ आणि हवेचा जवळजवळ १. या तफावतीमुळे काचेच्या व हवेच्या प्रत्येक सीमेवर प्रकाशाचा शेकडा चार हिस्सा परत फिरतो, आणि तोच चकाकणाऱ्या रेषेच्या रूपाने चालकाच्या डोळ्यांत शिरतो. आता त्याच फटीत काचेच्या जवळपासचा वक्रीभवनांक असलेले द्रव्य भरले, तर परत फिरणारा प्रकाश दहा हजारांत एका भागाहूनही कमी उरतो आणि भेग असून नसल्यासारखी होते. बाल्समचा अंक १.५३ ते १.५५ च्या आसपास येतो. एडिंबरो येथील विल्यम निकल याने १८२८ साली कॅल्साइटचा स्फटिक तिरका कापून ते दोन तुकडे याच राळेने पुन्हा जोडले आणि ध्रुवीभूत प्रकाश देणारा आपला सुप्रसिद्ध लोलक सिद्ध केला; कॅल्साइटमधून जाणाऱ्या दोन किरणांपैकी एकाला अडवावे आणि दुसऱ्याला जाऊ द्यावे, इतक्या नेमक्या हिशेबाने राळेचा अंक तेथे उपयोगात आणलेला आहे. राळ चिकटते किती, याआधी तिच्यातून प्रकाश जातो कसा, हा प्रश्न विचारण्याचा शिरस्ता येथून पडला असे म्हणण्यास हरकत नाही.

परीक्षेची साधने मात्र सावकाश आली. जर्मनीत येना येथे एर्न्स्ट आबे याने बनवलेल्या आणि १८७४ साली वर्णन करून प्रसिद्ध केलेल्या वक्रीभवनमापकात द्रव्याचा एखादा थेंब दोन लोलकांच्या मध्ये ठेवला की काम भागते; दुर्बिणीतून पाहता अर्धे वर्तुळ उजळ आणि अर्धे काळोखे दिसते, त्यांची सीमारेषा फुलीवर आणून बसवावी आणि अंक वाचावा. त्याहूनही मनोहर म्हणजे फ्रीड्रिख बेके या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाच्या नावे ओळखली जाणारी कसोटी. काचेची बारीक पूड राळेच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली असता प्रत्येक कणाच्या कडेला एक तेजस्वी रेषा दिसते. नळी किंचित वर उचलली की ही रेषा ज्या बाजूचा अंक मोठा त्या बाजूस सरकते: काचेचा अंक मोठा असेल तर कणाच्या आत, राळेचा असेल तर बाहेर. दोहोंचे अंक जुळले की रेषा नाहीशी होते, आणि तिच्यामागोमाग कणही. थेंबात पूड टाकली होती याचा पुरावाच उरत नाही. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला राळेच्या निवडीतले पहिले कलम निराळे शिकवावे लागत नाही.

पण पहिले कलम म्हणजे सगळा करारनामा नव्हे, आणि याचा दाखला आपल्या देशातच मिळतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पट्ट्यात पळस-कुसुमावर पोसल्या जाणाऱ्या लाखेपासून जो चपडा होतो, त्याचाही वक्रीभवनांक काचेच्या अगदी शेजारी, १.५२ च्या घरात आहे. केवळ अंकावर निवड करावयाची तर कॅनडापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. तथापि चपड्याचा रंग तांबूस, मद्यार्कात तो विरघळणारा, आणि ओल लागली की पांढुरका पडणारा. तेव्हा लाकडावर झिलई देण्यास उत्तम ठरलेली ही राळ पारदर्शक काचेच्या कामी नापास झाली.

दोन तावदाने मधल्या पडद्याने सांधून केलेली जी दुपदरी काच मोटारीच्या पुढे बसवतात, तिच्या जन्मकथेत एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाचे नाव सर्वत्र घेतले जाते. १९०३ साली त्याच्या हातून एक चंबू खाली पडला, फुटला, पण आतून वाळून बसलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले, ही हकीकत इतकी सुबक आहे की ती सांगण्याचा मोह कोणास आवरत नाही. त्याने सनद घेतली ती १९०९ साली. मला मात्र त्याच्यापेक्षा इंग्लंडातील जॉन क्रू वुड याचा अयशस्वी उद्योग अधिक बोधप्रद वाटतो. १९०५ साली त्याने मोटारीच्या वातरोधक काचेसाठीच दोन तावदाने जोडण्याची सनद मिळवली, आणि सांधण्यासाठी निवडली ती भिंगवाल्यांची ती जुनी कॅनडा बाल्सम. प्रकाशाच्या दृष्टीने निवड बिनतोड होती. व्यवहारात ती चालली नाही. बाल्सम वाळते ते आपल्यातील उडून जाणारे तेल सोडून, उष्णतेने मऊ होते, कडाक्याच्या थंडीत तडकते, आणि वयोमानाने पिवळी पडते. अभ्यासिकेतील सूक्ष्मदर्शकाला हे सारे सोसते. रस्त्यावर हादरे खात, उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या मोटारीला सोसत नाही. भिंगांच्या दुनियेतही तिची सद्दी पुढे संपली: दुसऱ्या महायुद्धात वाळवंटाचा ताप आणि उंच आकाशातील गोठवणारी थंडी या दोहोंत तोफांची व विमानांची भिंगे सांध्यातून सुटू लागली, तेव्हा मेथाक्रिलेट जातीच्या कृत्रिम राळांकडे कारखानदारांना वळावे लागले. या जातीच्या राळांचा पाया जर्मनीतील ओटो र्‍योम याने १९०१ सालच्या आपल्या प्रबंधात घातला होता.

मोटारीच्या काचेत दोन पदरांच्या मधला पडदाही असाच बदलत गेला. सेल्युलॉइडचा पडदा पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना उपयोगी पडला, पण उन्हात तो पिवळा होई. त्यानंतर सेल्युलोज ॲसिटेट आले. आणि १९३०-४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी, या रबरासारख्या ताणणाऱ्या द्रव्याने जी जागा घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत या पडद्याची जाडी ०.३८ मिलिमीटरवरून दुप्पट, म्हणजे ०.७६ मिलिमीटर करण्यात आली. दुरुस्तीच्या धंद्याचे सारे बस्तान या पडद्यावर बसलेले आहे. खडा आदळला की तडकतो तो बहुधा बाहेरचा पदर. पडदा व आतला पदर शाबूत राहतात. म्हणजे राळ ओतण्यासाठी तळ असलेली एक पोकळी आयतीच मिळते.

ती पोकळी तशीच सोडली तर काय होते, याचे उत्तर फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ याने काचेच्या नळ्या व गोलक मुद्दाम तडकवून शोधले आणि १९२१ साली प्रसिद्ध केले. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि भेग जितकी लांब तितक्या कमी ताणाला काच हार जाते. त्यात पाण्याची भर. शेल्डन विडरहॉर्न याने १९६७ साली दाखवून दिले की, साध्या काचेतील भेग दमट हवेत, कोरड्या हवेपेक्षा कितीतरी लवकर सरकते. बाष्प टोकाशी पोचून काचेचे बंध तोडण्यास हातभार लावते. कोकणात उतरणाऱ्या गाडीच्या काचेवर ज्येष्ठात पडलेला बारीकसा तारा आषाढात हातभर लांब झालेला दिसतो, त्यामागचे कारण हेच. सबब, भेग बुजवणे म्हणजे केवळ रूप सुधारणे नव्हे. ओलीला मज्जाव करणे हाही त्यात हेतू आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७२ साली नोव्हस या नावाने हा धंदा रीतसर सुरू झाला, आणि तेव्हापासून कामाची पद्धत मूलतः बदललेली नाही. रबरी चूषकांनी काचेला घट्ट धरणारी एक चौकट भेगेवर बसवतात. तिच्या मधोमध पोकळ दांडा, दांड्याच्या तोंडाशी रबरी कडी, आत दट्ट्या. दट्ट्या वर ओढला की भेगेतील हवा राळेच्या थेंबातून बुडबुडे काढीत वर येते. खाली दाबला की राळ आत जाते. कारागीर आरसा धरून पलीकडून पाहत असतो. ताऱ्याचे काळसर, चंदेरी पाय मुळापासून टोकाकडे एकेक करून पुसले जातात. एखाद्या पायाचे शेवटचे टोक हट्टाने उरते, तेव्हा तो पुन्हा हवा ओढतो, पुन्हा दाबतो, नखाने काचेवर हलकेच टिचकी मारतो. ते टोक गेल्याखेरीज दिवा लावावयाचा नाही, हा या पेशातला अलिखित हुकूम आहे, आणि घाई करणारे तो सर्रास मोडतात.

राळेची निवड येथे नाजूक होते. केसाएवढ्या फटीत शिरण्यास राळ पातळ हवी, कारण दाट द्रव केशाकर्षणाने आत ओढला जाण्यास फार वेळ घेतो. परंतु पातळपणा बहुधा लहान रेणूंच्या द्रव्यापासून येतो, आणि लहान रेणू घट्ट होताना अधिक आकसतात. निव्वळ मिथिल मेथाक्रिलेट गोठते तेव्हा त्याचे आकारमान पाचव्या हिश्श्याने घटते. अशी राळ आत शिरेल उत्तम, पण आकसताना भेगेच्या भिंतीपासून सुटून पुन्हा हवेला जागा करून देईल. म्हणून मोठ्या रेणूंची राळ व पातळ करणारी राळ यांचा मेळ घालावा लागतो, आणि काचेला घट्ट धरण्यासाठी त्यात सायलेन जातीचे मध्यस्थ द्रव्य घालतात, ज्याचे एक टोक काचेशी व दुसरे राळेशी नाते जोडते. हिवाळ्यात तूप थिजावे तशी राळही थंडीत दाट होते आणि वैशाखात ताकासारखी पातळ. तेव्हा बाटलीवर छापलेला दाटपणाचा अंक कोणत्या तापमानाचा, हे विचारल्याशिवाय तो अंक व्यर्थ होय.

घट्ट करण्याचे काम अतिनील किरणांचे. साधी काच त्या किरणांपैकी लांब लहरींचे किरण जाऊ देते, पीव्हीबी ते बव्हंशी अडवतो. म्हणून दिवा नेहमी बाहेरच्या बाजूने धरावा लागतो. हवेतील प्राणवायू मात्र या क्रियेत मोडता घालतो आणि उघड्या पृष्ठभागावरची राळ चिकट राहते. यावरची हिकमत सोपी आहे: खड्ड्याच्या तोंडाशी अधिक दाट राळेचा थेंब ठेवून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ चौकोनी कागद चिकटवतात, मग दिवा लावतात, आणि घट्ट झाल्यावर सुरी उभी धरून वरचा उंचवटा खरवडून काढतात. खरवडताना कोरडी, पांढरी भुकटी निघाली तर काम पक्के. चिवट दोरे निघाले तर राळ कच्ची. मोजमापाच्या यंत्राइतकीच ही सुरीची परीक्षा मला भरवशाची वाटते.

पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येक राळ उत्तीर्ण होते, आणि खोट आहे ती येथेच. बाल्सम, सेल्युलॉइड, दोन्ही पहिल्या दिवशी निर्मळच होती. यासाठी फ्लॉरिडाच्या दमट उन्हात आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात नमुने महिनेच्या महिने मांडून ठेवण्याची, तसेच झेनॉन दिव्याखाली तेच वय लवकर घडवून आणण्याची वहिवाट पडली. बाटलीवर वर्षांचे आश्वासन असते. पिवळेपणाचा नकाशा क्वचितच असतो.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभरावा नियम पुढच्या काचेतून शेकडा सत्तर प्रकाश गेला पाहिजे असे फर्मावतो. नव्या काचेच्या परीक्षा तर कठोरच: युरोपातील नियमांत २२६० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा चार मीटरांवरून तिच्यावर सोडतात. पण दुरुस्त झालेली काच अशी फोडून पाहता येत नाही. परीक्षा करावयाची ती राळेच्या नमुन्याची, गिऱ्हाइकाच्या काचेची नव्हे. ब्रिटनमध्ये वाहनांच्या वार्षिक तपासणीत सुकाणूच्या रेषेत २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा आखलेला असून त्यात १० मिलिमीटरहून मोठी, आणि पुसणी फिरते त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरहून मोठी इजा चालत नाही. दुरुस्तीविषयी तेथील तपासनीसाला एवढेच पाहावयाचे असते की, तिने दृष्टीला अडथळा होतो का. पृष्ठभागाशी सपाट आणि जेमतेम ओळखू येणारी दुरुस्ती, मग अशा कितीही असोत, इजा म्हणून मोजलीच जात नाही.