बुरांशाचा क्लब

आपल्या गावातून चारधामला जाऊन आलेल्या एखाद्या काकूंच्या घरी तुम्ही लाल सरबताची बाटली पाहिली असेल. तिच्यावर ‘बुरांश’ असं लिहिलेलं असतं. उत्तराखंडात उन्हाळा लागायच्या सुमारास डोंगरच्या डोंगर या फुलांनी लाल होतात. तिथल्या बायका जंगलातून फुलं वेचून आणतात, पाकळ्या वेगळ्या करून उकळतात, आणि कितीतरी बचत गट हे सरबत बाटल्यांत भरून विकतात. बुरांश हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष आहे. नेपाळात त्यालाच लालीगुरांस म्हणतात आणि तिथलं ते राष्ट्रीय फूल आहे. शास्त्राच्या पुस्तकातलं त्याचं नाव ऱ्होडोडेंड्रॉन. ग्रीक भाषेत याचा अर्थ होतो ‘गुलाबाचं झाड’. जगात याच्या हजाराच्या आसपास जाती आहेत. काही गुडघ्याएवढ्या, काही मोठ्या वृक्षाएवढ्या. आपल्या सह्याद्रीत महाराष्ट्राच्या बाजूला हे झाड नाही, निलगिरीच्या डोंगरात मात्र आहे. दिसायला देखणं, पण बऱ्याच जातींची पानं शेळ्या-मेंढ्यांना विषारी असतात, एवढं आपल्यासारख्यांनी आधी लक्षात ठेवावं.

आज मी तुम्हाला सांगणार आहे ती या झाडाची हौस असणाऱ्या एका क्लबाची गोष्ट. क्लब अमेरिकेतला. गोष्टीची सुरुवात मात्र आपल्याकडेच होते.

1848 साली जोसेफ हूकर नावाचा इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ कलकत्त्यात उतरला. तो आला नव्या गव्हर्नर जनरलबरोबर, त्याच जहाजातून. हा गव्हर्नर जनरल म्हणजे लॉर्ड डलहौसी. ज्याने दत्तक वारस नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं, तोच. आणि तेही त्याच 1848 सालात. इकडे सातारा जात होता, तिकडे हूकर सिक्कीमच्या डोंगरांत फुलं शोधत फिरत होता. दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं, मोठ्या फिकट पिवळसर फुलांचं एक ऱ्होडोडेंड्रॉन त्याला सापडलं. त्याला त्याने नाव दिलं लेडी डलहौसीचं. शास्त्राच्या पुस्तकात आजही ते ‘डलहौसी’च आहे. हूकरची ओझी वाहणारी, झाडांवर चढून फुलं काढणारी लेपचा माणसं होती, त्यांना जंगल पाठ होतं. त्यांची नावं फुलांना मिळाली नाहीत. इतिहासात हे असं पुष्कळदा होतं, म्हणून जाता जाता सांगितलं.

हूकरने बियाणं इंग्लंडला धाडलं आणि तिथल्या श्रीमंतांना या फुलाचं वेड लागलं. मोठ्या जमिनी, माळी, काचघरं, सगळं त्यांच्याकडे होतं. त्या बागांची वर्णनं पुष्कळ पुस्तकांत आहेत. ती सोडून मी तुम्हाला थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेते, वॉशिंग्टन नावाच्या राज्यात. राजधानीचं शहर वॉशिंग्टन वेगळं. हे राज्य दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी. तिथल्या रानात गुलाबी फुलांचं एक ऱ्होडोडेंड्रॉन आपसूक उगवतं.

या राज्यातल्या बायकांचा मताचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. 1883 साली तिथल्या विधिमंडळाने बायकांना मताचा हक्क दिला. बायकांनी मतं दिली, ज्यूरीतही बसल्या. चार वर्षांनी, 1887 साली, कोर्टाने तो कायदा रद्द केला. विधिमंडळाने पुन्हा केला, कोर्टाने पुन्हा मोडला. 1889 साली वॉशिंग्टनला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा बायकांना मत द्यावं का, असा प्रश्न पुरुष मतदारांपुढे ठेवला गेला आणि पुरुष ‘नाही’ म्हणाले. हातात आलेला हक्क असा काढून घेतला गेला. मुळात न मिळण्यापेक्षा हे जास्त लागतं, असं मला वाटतं.

पुढे 1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरणार होतं. आपले विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तिथे फुलांच्या दालनात प्रत्येक राज्याचं एक फूल मांडायचं होतं आणि वॉशिंग्टनचं फूल तर ठरलेलंच नव्हतं. तेव्हा 1892 साली तिथल्या बायकांनी निवडणूक घेतली. राज्यभर मतदानाच्या जागा केल्या. सहा फुलं विचारात होती, पण खरी चुरस झाली दोघांत. एक ऱ्होडोडेंड्रॉन आणि दुसरं क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम घासाचं भावंड, गुरांचा चारा. आपल्या गटात अशी निवडणूक झाली असती तर ज्यांच्या दारात म्हैस आहे त्या कुणीकडे गेल्या असत्या, हे मला विचारू नका! तिथे ऱ्होडोडेंड्रॉन निवडून आलं.

राज्यकारभारात मत नाही, पण फुलासाठी मतपेटी आहे. कुणी म्हणेल, बायकांची समजूत काढायचा प्रकार. मला तसं वाटत नाही. मतदानाच्या जागा ठरवणं, गावोगावी कळवणं, मतं मोजणं, निकाल मान्य करणं ही सगळी कामं बायकांनी केली. ज्यांना मत देता येणार नाही असं पुरुषांनी तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं, त्यांनीच. 1910 साली त्यांना मताचा हक्क परत मिळाला. फुलाची निवड मात्र कायद्यात पक्की व्हायला 1959 साल उजाडलं.

आता नदी ओलांडू या. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला कोलंबिया नदी आहे, पलीकडे ओरेगन राज्य आणि काठाजवळ पोर्टलँड शहर. पाऊस भरपूर, थंडी बेताची, माती आम्ल. म्हणजे या झाडाला हवी तशी. 1919 साली अमेरिकन सरकारने रोगकिडी येऊ नयेत म्हणून बाहेरून मातीसकट झाडं आणायला बंदी घातली होती. त्यामुळे इंग्लंडहून तयार झाड मागवणं अवघड झालं. मग हौशी लोकांनी बियाणं मिळवायचं, छाट कलमं करायची आणि एकमेकांना द्यायची. अशी देवघेव वाढली की नोंदी लागतात, नियम लागतात. 1945 साली पोर्टलँडमध्ये अमेरिकन ऱ्होडोडेंड्रॉन सोसायटी स्थापन झाली. आज तिच्या गावोगावी शाखा आहेत. त्या काळात अशी मंडळं पुरुषांचीच समजली जात. ओरेगनमधल्याच युजीन शहरात हेंड्रिक्स पार्कची ऱ्होडोडेंड्रॉन बाग ज्या मंडळाने 1951 च्या सुमारास सुरू केली, त्याच्या नावातच ‘पुरुषांचं’ असा शब्द होता.

पोर्टलँडच्या सोसायटीला झाडांच्या चाचणीसाठी जागा हवी होती. शहराच्या मालकीचं एक पाणथळ ठिकाण पडून होतं. जवळच्या रीड कॉलेजची मुलं तिथे शेक्सपिअरची नाटकं करत, म्हणून त्याला शेक्सपिअर आयलंड म्हणायचे. नंतर तिथे ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं माजली. आपल्याकडे घाणेरी माजते तशी. 1950 साली सभासद स्वतः कामाला लागले. झाडी तोडली, झरे मोकळे केले, आणि बागेचा आराखडा केला रूथ हॅन्सन यांनी. त्या सोसायटीच्या सभासद होत्या आणि बागा आखणं हा त्यांचा पेशा होता. वाट कुठून वळेल, पाणी कुठे दिसेल, उंच झाडं मागे आणि बुटकी पुढे कशी लागतील, हे कागदावर आधी त्यांनी पाहिलं. 1964 साली या जागेला क्रिस्टल स्प्रिंग्ज ऱ्होडोडेंड्रॉन गार्डन हे नाव मिळालं. आज साडेनऊ एकरांत अडीच हजारांवर झाडं आहेत. जमीन शहराची, पण हौशी मंडळी अजूनही तिथे विनामोबदला राबतात.

असा क्लब वर्षभर करतो काय? दरमहा सभा असते. वर्गणी, निवडून दिलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मागच्या सभेचं इतिवृत्त. तुम्हाला हे सगळं तोंडपाठ आहे. नंतर कुणीतरी चित्रं दाखवून माहिती सांगतं.

वसंतात फुलांचं प्रदर्शन भरतं. झाड आणायचं नाही, फक्त एक गुच्छ कापून बाटलीत ठेवायचा आणि त्याची जात चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठीला फार मान. नाव नसलेलं सुंदर फूल म्हणजे हिशोब नसलेले पैसे. त्यांची गुण द्यायची पद्धतही मला आवडली. फुलाला वेगळे गुण आणि झाडाला वेगळे. फूल आठ-पंधरा दिवसांचं, झाड वर्षभर दारात उभं. नुसत्या फुलावर भाळायचं नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांना ही पद्धत कुणीतरी शिकवली पाहिजे.

फुलं ओसरली की वाळलेले गुच्छ हाताने मोडून काढायचे. काम कंटाळवाणं, चिकानं बोटं चिकट होतात. ते का करायचं, तर गुच्छ तसाच राहिला की झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि पुढच्या वर्षी कळ्या कमी येतात. मोडताना खालच्या नव्या कोंबाला धक्का लागता कामा नये. म्हणून ते सगळे मिळून करतात, गप्पा मारत.

याशिवाय छाट कलमांची देवघेव चालते. उन्हाळा सरताना कोवळी पण किंचित पक्की झालेली फांदी कापायची, खालची पानं काढायची, ओलसर भुसभुशीत मिश्रणात लावून झाकायची, दोन-तीन महिने मुळांची वाट बघायची. तयार झालेली रोपं क्लब विकतो. क्रिस्टल स्प्रिंग्जमधली रोपविक्री मे महिन्यात, तिकडे मातृदिन असतो त्या दिवसांत होत आली आहे. मुलं आईला घेऊन येतात आणि एखादं रोप घेऊन जातात. क्लबाला पैसे मिळतात ते असे. आपल्या राखीच्या आणि दिवाळीच्या स्टॉलपेक्षा यात काही निराळं नाही.

आणि बी. ऱ्होडोडेंड्रॉनचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यापुढे नाचणीचा दाणा मोठा वाटेल. नवा संकर करायचा तर फूल उमलण्याआधीच त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, फांदीला दोन्हींची नावं लिहून चिठ्ठी बांधायची. बी पेरल्यावर पहिलं फूल दिसायला कितीतरी वर्षं लागतात. सोसायटीच्या बियाणे-विनिमयात असं बी जमा होतं आणि थोडक्या पैशांत सभासदांना मिळतं. चिठ्ठी गळून पडली तर इतक्या वर्षांची मेहनत फुकट, कारण ते झाड कशापासून आलं हे कुणी सांगू शकत नाही.

याच शहरात राहत होत्या रे सेलिंग बेरी. त्यांना ऐकू कमी येत असे. माणसांच्या गर्दीपेक्षा त्या झाडांत रमल्या. हिमालयात आणि चीनमध्ये बियाणं शोधायला जाणाऱ्या मोहिमांना त्या वर्गणी पाठवत आणि त्या बदल्यात बियाण्याचा वाटा मिळवत. आपली भिशीच म्हणा. त्या बियांपासून त्यांनी ऱ्होडोडेंड्रॉनच्या मूळ जाती आणि प्रिम्युलाची नाजूक फुलं वाढवली. स्वतः डोंगरांत जाऊनही रोपं शोधली. 1938 साली त्यांनी पोर्टलँडच्या टेकडीवर मोठी जागा घेऊन बाग तिकडे हलवली. 1976 साली त्या गेल्या.

आता पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. मी गेली काही वर्षं गटांचं काम बघते. अध्यक्ष वारल्या, सचिव लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली, आणि गट बंद पडला, असं मी अनेकदा पाहिलं आहे. त्या बागेचंही तसंच व्हायचं, जमीन विकून घरं उठायची. पण बेरीबाईंच्या मित्रमैत्रिणींनी एकत्र येऊन 1978 साली ती वाचवली आणि बेरी बोटॅनिक गार्डन ही संस्था उभी केली. 1983 साली या संस्थेने आणखी एक काम हाती घेतलं. पॅसिफिक किनाऱ्याकडच्या राज्यांतल्या, नामशेष व्हायला आलेल्या रानझाडांचं बी गोळा करून जपणारी पेढी सुरू केली. बी सुकवायचं, हवाबंद पाकिटात घालायचं, कुठून कधी आणलं ते लिहायचं, थंडीत ठेवायचं, आणि अधूनमधून थोडं पेरून रुजतं का ते बघायचं.

तेहेतीस वर्षांनी पैसा पुरेनासा झाला. 2011 साली बाग बंद झाली, जागा हातातून गेली. टेकडीवरची सगळी झाडं उचलून नेणं शक्य नव्हतं. बियाण्याची पेढी मात्र हलवता आली. पाकिटांवर सगळं लिहिलेलं होतं, त्यामुळे ती जशीच्या तशी पोर्टलँडच्या सरकारी विद्यापीठात गेली. तिथे ती चालू राहिली, आणि तिला नाव आहे रे सेलिंग बेरी यांचं.