लहान सैन्यें व मोठा इतिहास

इतिहास ग्रंथांत लिहिला जातो, ताम्रपटांवर कोरलेला सांपडतो व दप्तरांतून जपलेला असतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु तो लाकडांत, शिशांत, मातींत व अलीकडे प्लास्टिकमध्येंही घडविला जातो, असें विधान केलें तर पुष्कळ विद्वानांच्या मुखावर स्मित उमटल्यावांचून राहणार नाहीं. रणगाडे, लढाऊ विमानें व युद्धनौका यांच्या लहान प्रतिकृती जुळविण्याचा व रंगविण्याचा जो छंद आज आपल्या शहरांतून दिसूं लागला आहे, त्याजकडे तर ‘परदेशी पोरखेळ’ यापलीकडे कोणी पाहतच नाहीं. प्रस्तुत लेखांत या पोरखेळाची वंशावळ थोडी शोधावयाची आहे. ती शोधतां शोधतां आपण थेट आपल्या वऱ्हाडच्या एका पराभवापाशीं येऊन पोहोंचतों, हें वाचकांच्या प्रत्ययास येईल.

पहिला पुरावा घरचाच घेऊं. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद हें प्राचीन स्थळ आहे. तेथें १९७४ सालीं धातूच्या चार ओतीव प्रतिमा सांपडल्या. बैल जुंपलेला व सारथी उभा असलेला एक रथ, एक हत्ती, एक गेंडा व एक रेडा अशा त्या चार असून, त्यांचें एकत्र वजन ६० किलोंहून अधिक भरतें. त्या पूजेसाठीं होत्या कीं मिरवणुकीसाठीं, यावर तज्ज्ञांनीं खुशाल वाद करावा. खऱ्या वाहनाची लहान आकृति करून ती चाकांवर उभी करण्याची हौस या भूमींत किती जुनी आहे, एवढें त्यांवरून निःसंशय सिद्ध होतें. दुसरा पुरावा बुद्धिबळाच्या पटाचा. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ व पायदळ. हें सैन्य पटावर मांडून घरच्या घरीं युद्ध करण्याची कल्पना भारतवर्षाचीच आहे. आपल्या मराठी पटावरचा रथ पुढें लुप्त झाला व त्या चतुष्टयांत उंट येऊन बसला, हाही एक इतिहासच होय. मात्र तो वाचण्याची दृष्टि हवी.

येथवर झाली ती हौस व क्रीडा. प्रतिकृतीला राज्यशास्त्रांत स्थान मिळालें तें फ्रान्समध्यें. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लुव्हा यानें १६६८ सालीं सरहद्दीवरील किल्ल्यांच्या प्रतिकृती करविण्यास आरंभ केला. ६०० फूट भूमि एका फुटांत बसेल असें प्रमाण ठरलें. तट, बुरूज व खंदक तर त्यांत होतेच. शिवाय भोंवतालचीं शेतें, झाडें व घरेंही लाकूड, कागद व रेशीम यांनीं हुबेहूब केलेलीं होतीं. सेनापतीनें पॅरिसमध्यें बसून शेंकडों मैलांवरचा वेढा डोळ्यांनीं पाहावा, हा हेतु. हें ज्ञान इतकें मोलाचें कीं, परकीयांस तें दिसूं नये म्हणून त्या प्रतिकृती बंदोबस्तांत ठेवीत. आणि १८१५ सालीं पॅरिस हस्तगत करणाऱ्या प्रशियन सैन्यानें त्यांतील कांहीं चक्क बर्लिनला उचलून नेल्या. खेळणें म्हणून कोणी असें लुटून नेत नाहीं. लुव्हाच्या या उद्योगापूर्वीं तीनच वर्षें, १६६५ सालीं, पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले होते व पुढें ते एकामागून एक परत घेण्याचा सपाटा त्यांनीं लावला, हें येथें आठवतें. किल्ल्याची मोहरी नि मोहरी ठाऊक असणारीं माणसें आपल्याकडेही होतीं. पण तें ज्ञान माणसांच्या पायांत व स्मरणांत राहिलें आणि माणसांबरोबरच गेलें.

प्रतिकृति म्हणजे केवळ आकृति नव्हे, तें एक विधान असतें, याचा सर्वांत बोलका दाखला विल्यम सिबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा आहे. वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति करण्याचें काम त्याजकडे १८३० सालीं आलें. त्यानें रणभूमीवर कित्येक महिने राहून मोजणी केली, आणि त्या लढाईंत लढलेल्या अधिकाऱ्यांस पत्रें पाठवून विचारलें कीं, सायंकाळीं सुमारें सात वाजतां तुमची तुकडी नेमकी कोठें होती, समोर शत्रु कोणता होता, शेतांत पीक कोणतें होतें. १८३८ सालीं लंडनमध्यें ती प्रतिकृति लोकांपुढें मांडली गेली. तिच्यावर ७० हजारांहून अधिक इवलेसे धातूचे सैनिक उभे होते. परंतु त्यांत प्रशियन सैन्य जेथें व जितकें दाखविलें होतें, तें ड्यूक ऑफ वेलिंग्टनला व त्याच्या परिवाराला मानवलें नाहीं. विजयाचें श्रेय वांटलें जात होतें ना! अखेर सिबॉर्ननें प्रशियन पुतळ्यांची संख्या कमी केली. एखाद्या ग्रंथांतील वाक्य संदिग्ध ठेवतां येतें. ‘प्रशियन सैन्यही सायंकाळीं येऊन मिळालें’ असें लिहिलें कीं भागतें. पण पुतळा कोठें तरी उभा करावाच लागतो. जागा चुकली तर चूक, बरोबर आली तर साक्ष.

हा वेलिंग्टन आपल्याला परका नाहीं. वॉटर्लूच्या बारा वर्षें आधीं, आर्थर वेलस्ली या नांवानें, तो आपल्याच मुलुखांत लढत होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई, २९ नोव्हेंबरला अडगांव व १५ डिसेंबरला गाविलगड, असा त्याचा क्रम. शेवटच्या दोन प्रसंगीं पराभव झाला तो नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या पक्षाचा. गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. आज यवतमाळ जिल्हा म्हणून आपण ज्याला ओळखतों, तो वर्धेच्या याच तीरावर वसला आहे. वॉटर्लूच्या योद्ध्यांना पत्रें लिहिणारा सिबॉर्न लाभला. असईच्या मैदानांत तोफांपाशीं उभ्या राहिलेल्या आपल्या गोलंदाजांना तसा कोणी लाभला नाहीं. तुमची तोफ कोठें होती, शेतांत ज्वारी उभी होती कीं कापलेली होती, हें त्यांना कोणी विचारलें नाहीं. त्या लढायांचा तपशील आपण आज वाचतों तो बहुतांशीं जिंकणाऱ्यांच्या पत्रांतून.

आणि आतां एक विलक्षण योगायोग पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत, वर्ध्यास, आमच्या यवतमाळांत, किंबहुना सबंध विदर्भांत तान्हा पोळा भरतो. मुलें चाकांवरचे लाकडी बैल सजवून रांगेनें आणतात व घरोघर बोजारा मागतात. या सणाचा आरंभ दुसऱ्या रघूजींनींच १८०६ सालीं केला, अशी परंपरा आहे. म्हणजे गाविलगडाच्या पाडावानंतर तीन वर्षांनीं! राज्याचा मोठा लचका तुटला असतां राजानें लहान मुलांच्या हातीं लाकडाचा बैल दिला. यांत कांहीं गूढ हेतु होता असें मी म्हणत नाहीं. परंतु एवढें खरें कीं, गेलेल्या तोफांच्या व मोर्च्यांच्या आकृती कोणी घडविल्या नाहींत. बैलाची घडविली, आणि बैल आजवर टिकला. ज्या वस्तूची प्रतिकृति मुलाच्या हातीं येते, ती वस्तु समाज विसरत नाहीं.

प्रतिकृतीनें ज्ञानांत नेमकी कोणती भर पडते, असें कोणी विचारील, तर गाविलगडाचेंच उदाहरण घ्यावें. उत्तरेकडील तटास खिंडार पडलें व किल्ला पडला, असें आपण एका वाक्यांत वाचून पुढें जातों. पण किल्ला दुहेरी आहे. बाहेरच्या किल्ल्यांत शिरल्यावर आंतल्या तटाआधीं खोल दरी लागते. खिंडार पडलें तें बाहेरच्या तटाला, आंतला तट अभंगच होता. हल्ला करणारी एक तुकडी शिड्या घेऊन आंतल्या तटावर चढली व तिनें दरवाजा उघडून दिला, तेव्हां कोठें किल्ला पडला. आणि किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां ठार झाला. हें शब्दांनीं कितीही सांगितलें तरी मनांत ठसत नाहीं. मात्र मातीचा गाविलगड करूं लागलें कीं, पहिल्याच तासांत ती दरी खणावी लागते. आणि मग विद्यार्थी आपण होऊन विचारतो, ‘इतकी बळकट जागा गेली कशी?’ इतिहासाच्या अध्यापकास याहून अधिक काय हवें असतें?

विसाव्या शतकानें या कलेस यंत्राची जोड दिली. ‘फ्रॉग’ या इंग्रजी कंपनीनें १९३६ सालीं सेल्युलोज ॲसिटेटच्या सुट्या भागांतून जुळवावयाचीं विमानें विक्रीस आणलीं. त्यांचें प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांचा मनुष्य एका इंचांत. पुढें महायुद्धांत या प्रमाणानें माणसांचे प्राण वांचविले. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांकडे ५ लक्ष लाकडी विमानें मागितलीं. ५० जातींचीं प्रत्येकीं १० हजार. काळ्या रंगाचीं तीं विमानें दुरून दाखवून शत्रूचें कोणतें व आपलें कोणतें, हें सैनिकांस शिकवीत. ३५ फुटांवर धरलेलें असें विमान सुमारें अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढें दिसतें. गणित साधें आहे. युद्ध संपलें आणि १९३९ सालीं निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानें स्थापलेल्या ‘एअरफिक्स’नें १९५३ मध्यें प्लास्टिकचें ‘स्पिटफायर’ बाजारांत आणलें. जपानांत शिझुओका येथें लांकडाचा व्यापार करणारें ‘तामिया’ घराणें १९६० च्या सुमारास याच धंद्यांत उतरलें. त्यांच्या पहिल्या रणगाड्याचें प्रमाण एकास पस्तीस ठरलें, तें कोणत्याही शास्त्रामुळें नव्हे. आंत मोटर व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून! आज जगभर लष्करी वाहनांच्या प्रतिकृती याच प्रमाणांत होतात. रूढि कशी जन्मते, याचा हा सुंदर नमुना आहे.

हे भाग जुळविणें सोपें, रंगविणें कठीण. कारण रंग लावतांना सन विचारावा लागतो. आपल्या वायुदलाचें मिग-२१ घ्या. तें १९६३ पासून सेवेंत होतें, नाशिकजवळ ओझर येथें त्याची बांधणीही झाली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं तें निवृत्त झालें. पण चकचकीत धातूच्या रंगांतलें मिग निराळें व १९७१ च्या युद्धाच्या वेळीं घाईघाईनें हिरव्या-तपकिरी रंगांनीं झांकलेलें मिग निराळें. जो कारागीर हा भेद जाणतो, तो इतिहासाचें साधन तपासीत आहे. मग त्याच्या हातीं लेखणी असो वा कुंचला.

या छंदावर दोन आक्षेप येतात व ते दोन्ही भारी आहेत. पहिला असा कीं, त्यांत रक्त नसतें. टेबलावरचा रणगाडा स्वच्छ असतो. त्याच्याखालीं कोणी चिरडलें जात नाहीं. हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि बखरींतले आंकडे तरी कोठें रक्तानें भिजलेले असतात? ‘हजारों पडले’ असें आपण शांतपणें वाचतोंच. उलट त्या रणगाड्याशेजारीं त्याच प्रमाणांतला मनुष्य उभा केला, तर लोखंडापुढें मनुष्य केवढा लहान आहे, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पेटींतून आलेली प्रतिकृति अचूक असते, पण तो इतिहास दुसऱ्यानें निवडलेला असतो. पोलादाचा सांचा फार महाग; म्हणून जें खपेल त्याचाच सांचा होतो. स्पिटफायर मिळतें, जर्मनांचा पँथर मिळतो, जपानची यामातो मिळते. आंग्र्यांची गुराब, उंटावरची जंबुरा किंवा अडगांवच्या मैदानांतला तोफेचा गाडा यांसाठीं परक्या देशांतली कंपनी सांचा कशाला पाडील? आणि ‘विक्रांत’चें तर काय झालें? १९७१ सालीं जिनें पराक्रम केला, ती आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्यें सेवानिवृत्त झाली, कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती, व २०१४ मध्यें मोडींत गेली. आतां तिच्या लहान प्रतिकृती तेवढ्या पाहावयास उरल्या.

यावर उपाय आपल्याच अंगणांत आहे. दिवाळींत देशावर व कोंकणांत घरोघर मुलें दगडमातीचे किल्ले करतात. बुरुजावर मावळे, सिंहासनावर महाराज व पायथ्याशीं कधीं कधीं प्लास्टिकचा रणगाडाही असतो. त्या किल्ल्यांत उत्साह आहे, माप नाहीं. पेटींतल्या विमानांत माप आहे, आपलेपणा नाहीं. या दोहोंची सांगड घातली पाहिजे. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्याबद्दल आपण योग्यच आनंद मानला. परंतु त्या यादींत गाविलगड नाहीं, नरनाळाही नाहीं. यवतमाळच्या शारदाश्रमानें व य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनीं या प्रांताचीं जुनीं हस्तलिखितें घरोघर हिंडून मिळविलीं. त्याच निष्ठेनें विदर्भांतील एकेका महाविद्यालयानें एकेक किल्ला वा एकेक रणभूमि मोजून, प्रमाण ठरवून, लाकडामातींत उभी करावी. नकाशा, जुनीं पत्रें व प्रत्यक्ष पाहणी या तिहींचा मेळ त्यांत आपोआप घालावा लागेल. आणि जेथें मेळ बसणार नाहीं, तेथें नवें संशोधन सुरू होईल. रघूजींच्या लाकडी बैलानें दोन शतकें जें कार्य केलें, तें कार्य मोजमाप करून केलेला एखादा गाविलगडही करूं शकेल.