६८ वस्तूंची यादी : महायुद्धातील सरकारी खरेदी, आयात परवाने आणि ‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ

सीबीआयचा उगम कुठे आहे? राजकीय घोटाळ्यांत नव्हे, तर सैन्यासाठी झालेल्या खरेदीत. १९४१ साली युद्ध आणि पुरवठा खात्यांच्या व्यवहारांतील लाचलुचपत शोधण्यासाठी ब्रिटिश सरकारने एक विशेष पोलीस दल उभारले. त्याचे मुख्यालय लाहोरला होते. याच दलातून पुढे १९६३ मध्ये सीबीआय आकारास आली. आजचा थ्रेड मात्र त्या दलाविषयी नाही. ज्या खरेदीमुळे आणि ज्या आयात-निर्बंधांमुळे अशा दलाची गरज भासली, त्यांच्याविषयी आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला आणि महिना संपण्यापूर्वी त्याचा कायदा झाला. या कायद्याखालचे नियम आपल्याला आठवतात ते राजबंद्यांमुळे. व्यापारी पेढ्यांत आणि गिरण्यांच्या कचेऱ्यांत मात्र दुसरेच आकडे लोकांच्या तोंडी होते. नियम ८१ नुसार सरकार कोणत्याही मालाचे उत्पादन, वाटप आणि भाव ठरवू शकत असे. नियम ७५-अ नुसार माल थेट ताब्यात घेता येई. आणि नियम ८४ नुसार बंदरात काय उतरावे, काय उतरू नये, हे सरकारच्या हाती होते.

आधी खरेदीकडे पाहू. एके काळी हिंदुस्थान सरकारच्या गरजेचा पुष्कळसा माल लंडनमधील कचेरीमार्फत विकत घेतला जाई. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले आणि देशातल्या देशात खरेदी करण्याची घडी हळूहळू बसू लागली. युद्धाच्या तोंडावर पुरवठा खाते निर्माण झाले आणि या सगळ्याचा आवाका एकदम बदलला. गणवेश, तंबू, बूट, घोंगड्या, वाळूच्या पोत्यांसाठी ताग, इमारती लाकूड अशी मागणी येत राहिली. ऑक्टोबर १९४० मध्ये दिल्लीत सुएझच्या पूर्वेकडील साम्राज्यातील देशांची परिषद भरली आणि पुढच्या वर्षी तिच्यातून ईस्टर्न ग्रुप सप्लाय कौन्सिल कामाला लागले. मध्यपूर्वेतील फौजांना लागणारा माल ब्रिटनहून न आणता हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणांहून पुरवावा, हा त्यामागचा हिशेब.

या मालाचे पैसे कोण देत होते? हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे पुष्कळसे त्यावर अवलंबून आहे. नोव्हेंबर १९३९ च्या आर्थिक करारानुसार हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणापलीकडचा बराच खर्च ब्रिटनने सोसायचा होता. पण येथल्या पुरवठादाराला रुपये हवे असत, आणि ते सरकार येथेच चुकते करी. ब्रिटन त्या बदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खाती पौंड जमा करी, आणि त्या पौंडांच्या आधारावर बँक नव्या नोटा छापी. युद्धारंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; युद्धाअखेर हा आकडा ११०० कोटींच्या पलीकडे गेला. माल देशाबाहेर चालला होता किंवा फौजेच्या कोठारात जात होता आणि कागद देशात राहत होता. महागाईचे मूळ शोधायला फार दूर जायला नको. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची कारणे अनेक आहेत आणि त्यांना स्वतंत्र थ्रेड लागेल. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या हातातील रुपया त्याआधीच किती दुबळा झाला होता, हे विसरून ती कथा सांगता येत नाही.

आता आयात. मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने ६८ वस्तूंची यादी प्रसिद्ध केली. या वस्तू यापुढे परवान्याशिवाय आणता येणार नव्हत्या. यादीत मुख्यतः ग्राहकोपयोगी माल होता. कारणे दोन, आणि दोन्ही खरी : डॉलर दुर्मिळ होते, आणि जहाजांत जागा नव्हती. पुढे यादी वाढत गेली आणि जवळजवळ सगळी आयात तिच्या कक्षेत आली. १९४१ मध्ये यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे लेथसारख्या मशीन टूल्सवर, वेगळा नियंत्रण-आदेश निघाला. कारखानदाराला आता केवळ पैसे असून भागत नव्हते. आपली मागणी युद्धकार्यास आवश्यक आहे, हे सरकारी अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागे.

आणि ‘आवश्यक’ म्हणजे काय? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचे आहे. १९३९ मध्ये ते मोटारींच्या कारखान्यासाठी अमेरिकेला गेले. विश्वेश्वरय्यांनी या उद्योगाचा आराखडा आधीच मांडला होता. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. त्याच प्रवासात विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि विमानांच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हणजे एकाच माणसाचे दोन प्रकल्प, दोन्ही अमेरिकी यंत्रांवर आणि म्हणून डॉलरवर अवलंबून.

विमानांच्या कारखान्याला मान्यता मिळाली. म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात असताना सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना आपल्या ताब्यात आणला. मोटारीच्या कारखान्याला मात्र यंत्रसामग्रीसाठी डॉलर मिळाले नाहीत. तो युद्धकार्याचा भाग ठरत नाही, अशी सरकारची भूमिका होती. फौजेला मालमोटारी हव्या होत्याच, पण त्यांचे सुटे भाग परदेशाहून येत आणि येथे फक्त जोडले जात. अमेरिकी कंपन्यांची अशी जुळणी-केंद्रे देशात आधीपासून होती. जनरल मोटर्सचे मुंबईत शिवडीला १९२८ पासून. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ उजाडले आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडायला युद्ध संपावे लागले.

डॉलरची टंचाई खोटी नव्हती, हे मान्य करूनही मला सरकारचा युक्तिवाद पटत नाही. ज्या देशाच्या नावावर लंडनमध्ये कोट्यवधी पौंड साठत होते, त्याच देशाला यंत्रे आणायला परकीय चलन नव्हते. युद्ध संपले तेव्हा ही स्टर्लिंग शिल्लक १०० कोटी पौंडांच्याही वर गेलेली होती. साठा आपला आणि त्यातून काय घ्यायचे हे ठरवणारे दुसरे, अशी ती अवस्था होती.

निर्बंध फक्त बंदरापुरते नव्हते. नोव्हेंबर १९४२ मध्ये देशी गिरण्यांच्या कागदापैकी ९० टक्के कागद सरकारने स्वतःसाठी राखून ठेवला. शाळेच्या वह्या, पाठ्यपुस्तके, मासिके, पंचांगे या सर्वांना मिळून उरला १० टक्के! ओरड झाल्यावर प्रमाण थोडे सैल करण्यात आले. जून १९४३ मध्ये सूत-कापड नियंत्रण आदेश आला. गिरणीतून निघणाऱ्या कापडावर भाव छापणे सक्तीचे झाले, आणि भाव छापलेले ते कापड काळ्या बाजारात त्याहून चढ्या दराने विकले जाऊ लागले. अंमलबजावणीसाठी मुंबईत वस्त्रोद्योग आयुक्तांचे कार्यालय निघाले. ते आजही मुंबईतच आहे.

तात्पुरत्या म्हणून काढलेल्या या आदेशांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. भारत संरक्षण कायद्याची मुदत युद्धाबरोबर संपत होती. म्हणून मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला पाच महिने उरले असताना, आयात-निर्यात नियंत्रण कायदा संमत झाला. त्याला ठरावीक मुदत होती. ती संपत आली की वाढवली जाई. नियम ८१ खालील अधिकार १९४६ च्या अत्यावश्यक पुरवठा कायद्यात गेले आणि तेथून १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यात. कंपन्यांनी भांडवल उभारण्यावर १९४३ मध्ये घातलेले नियंत्रणही १९४७ मध्ये कायद्याच्या रूपाने कायम राहिले. लाचखोरीविरुद्धच्या पोलीस दलाला १९४६ मध्ये स्वतःचा कायदा मिळाला. सीबीआयचे तपासाचे अधिकार आजही त्याच कायद्यातून येतात.

परवाना देणारे अधिकारी बदलले, शिक्क्यावरचा मुकुट जाऊन सिंहमुद्रा आली. मागणी आवश्यक आहे का, हा प्रश्न मात्र नव्या दिल्लीतही त्याच नमुन्यात विचारला जात राहिला. आयात-नियंत्रणाचा तो कायदा रद्द झाला १९९२ मध्ये. मे १९४० च्या ६८ वस्तूंच्या यादीपासून मोजले, तर ५२ वर्षांनी.