हातातल्या जीपीएसची दर्यावर्दी कुळकथा

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम ८० सेंटिमीटर उंचीवर असतात. एवढ्या उंचीवरून क्षितिज सव्वातीन किलोमीटरवर येऊन टेकतं. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची नुसती पाठ दिसते, पुळण कुठली आणि खडप कुठलं ते समजत नाही. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला लागून असलेल्या ला होया इथे कयाकवरून मासे धरणाऱ्यांचा हा रोजचा अनुभव. समुद्रातल्या खोल घळीची तोंडं तिथे किनाऱ्यापासून काही शे मीटरवर येऊन पोहोचतात, शेजारी केल्प या समुद्री वनस्पतीचं दाट रान आहे, आणि त्याच्या कडेकडेने यलोटेल फिरतो. वल्हं मारत अर्ध्या तासात मोठ्या माशापाशी पोहोचता येतं, अशा जागा जगात थोड्याच. पण मे-जूनमध्ये सकाळच्या वेळी समुद्रावरून करड्या ढगांचा थर सरकत येतो, कधी थेट पाण्याला टेकतो, आणि अडीचशे मीटर उंचीचा माउंट सोलेडॅड डोंगर समोर असून दिसेनासा होतो.

डोंगर दिसेनासा होणं ही साधी गोष्ट नव्हे, कारण समुद्रावर जागा शोधायची सगळ्यात जुनी रीत डोंगरावरच उभी आहे. धक्क्याचं टोक अमुक इमारतीच्या रेषेत आलं आणि त्याच वेळी डोंगराची सोंड तमुक सुळक्यामागे गेली, की त्या दोन रेषा छेदतात तिथे गळ सोडायचा. कोकणातला कोळी देवळाचा कळस, दीपस्तंभ आणि डोंगर यांच्या आधाराने हेच करत आला आहे. ही रीत अगदी नेमकी असते. स्वच्छ हवेत दोन खुणा नीट जुळवल्या तर माणूस काही मीटरांच्या आत त्याच खडकावर परत येतो. तिला दोनच गोष्टी लागतात, मोकळी हवा आणि उंचावरचे डोळे. कयाकवाल्याकडे दुसरी गोष्ट कधीच नसते आणि पहिली बऱ्याचदा नसते. हातातला जीपीएस त्याच्या दृष्टीने चैनीचा नाही तो यामुळे.

मोठ्या होड्यांची सोय त्याआधीच झाली होती. अमेरिकी किनाऱ्यावर लोरान-सी नावाची रेडिओ यंत्रणा होती. जमिनीवरच्या मनोऱ्यांकडून येणाऱ्या लहरींच्या वेळेतला फरक मोजून ती जागा सांगे. तिची खरी खुबी अशी, की नकाशावरची जागा थोडी चुकली तरी त्याच आकड्यांवर परत गेलं की माणूस जवळपास त्याच ठिकाणी पोहोचे. मच्छीमारांना हवं होतं तेवढंच. खडक, बुडालेली जहाजं, माशांचे उंचवटे यांचे लोरान-आकडे वह्यांमध्ये जमत गेले, बापाकडून मुलाकडे गेले, जिवापाड जपले गेले. पण लोरानचा संच, त्याची लांब अँटेना आणि १२ व्होल्टची बॅटरी कयाकवर न्यायची कशी? त्या वह्या कयाकवाल्याच्या उपयोगाच्या नव्हत्या.

उपग्रहांची शाखा फुटली ती ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुटनिक उडाल्यानंतर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ स्पुटनिकचा बीप-बीप ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना आवाजाची पट्टी चढत होती, लांब जाताना उतरत होती. हा डॉप्लर परिणाम पाठ्यपुस्तकातलाच. पण त्या चढ-उताराच्या नोंदींवरून त्यांनी उपग्रहाची सगळी कक्षा काढून दाखवली. १९५८मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा आधीच माहीत असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्यांना नेमकं हेच हवं होतं. त्यातून ट्रान्झिट यंत्रणा आली आणि तिचा पहिला यशस्वी उपग्रह एप्रिल १९६०मध्ये वर गेला. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष समुद्रातलाच. त्याच्या मर्यादा मात्र मोठ्या होत्या. उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबावं लागे, तासभर किंवा जास्तही, आणि जहाजाचा स्वतःचा वेग नीट ठाऊक नसेल तर उत्तर चुके.

त्यावरचा तोडगा घड्याळात सापडला. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले रॉजर ईस्टन अचूक घड्याळंच उपग्रहात बसवायच्या मागे लागले होते, हवाई दलाची वेगळी योजना चालू होती. १९७३च्या सप्टेंबरमधल्या एका सुट्टीच्या आठवडाअखेरीस ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या चमूने पेंटागॉनमध्ये बसून या धाग्यांचा एक आराखडा विणला. तोच जीपीएस. पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ला सुटला. वीस हजार किलोमीटर उंचीवरचा प्रत्येक उपग्रह ‘आत्ता अमुक वाजले, मी अमुक ठिकाणी आहे’ असं सांगत राहतो. निदान चार उपग्रहांचे निरोप किती उशिरा पोहोचले त्यावरून हातातलं यंत्र आपली जागा काढतं. एक मायक्रोसेकंद चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं. आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार वरची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या घरात जाईल. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. वल्हं मांडीवर आडवं ठेवून बसलेल्या माणसाला आपल्या खडकावर परत जाता यावं, यासाठी काळाच्या वेगाचं गणित सुटावं लागलं.

१ सप्टेंबर १९८३ला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन एअरलाइन्सचं विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं मेली. जीपीएस पूर्ण झाल्यावर तो सर्वांना खुला असेल, हे आश्वासन त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीरपणे दिलं. तरी तो सामान्यांच्या हातात यायला सहा वर्षं गेली. १९८९मध्ये मॅगेलन कंपनीने नॅव्ह १००० आणला: विटेसारखा ठोकळा, किंमत सुमारे ३००० डॉलर. तो एका वेळी एकाच उपग्रहाचं ऐके, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. त्यामुळे उत्तराला वेळ लागे आणि काही तासांत बॅटऱ्या संपत. शिवाय चॅलेंजर या अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर उपग्रह सोडण्याचं काम रखडलेलं, त्यामुळे दिवसातला बराच वेळ डोक्यावर पुरेसे उपग्रहच नसत. गॅरी बरेल आणि मिन काओ यांनी १९८९मध्येच सुरू केलेल्या कंपनीचा, म्हणजे आजच्या गार्मिनचा, पहिला संच जीपीएस १०० हाही बोटवाल्यांसाठीच होता. पहिलं गिऱ्हाईक समुद्रावरचं मिळालं याचं कारण उघड आहे. तिथे आकाश चारी बाजूंनी मोकळं असतं, रस्त्यांचे नकाशे लागत नाहीत, आणि लोरानवर पैसे घालायची सवय लोकांना आधीपासून होती. अंगाला पाणी लागलं तरी चालेल अशी घडण या यंत्राला जन्मतःच मिळाली ती त्यामुळे.

नावेची गोष्ट थोडक्यात. कयाक मुळात आर्क्टिकच्या इन्युइटांची, सीलच्या कातड्याची, शिकारीसाठीच घडलेली. मालिबूच्या टिम निमायरने १९७१च्या सुमारास आत शिरायच्या ऐवजी वर बसायची कयाक घडवली. उलटली तरी पुन्हा चढून बसता येईल, आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जाईल, अशी. पुढे अशा कयाक प्लास्टिकच्या साच्यात निघू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गळवाल्यांनी त्या उचलल्या.

नाव आणि यंत्र एकत्र आली तरी मध्ये एक आडकाठी होती. अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत भरकटे. वीस मीटरचा खडक शोधणाऱ्याला अशी जागा काय कामाची? म्हणून कित्येक मच्छीमार नव्वदच्या दशकातही लोरानला चिकटून राहिले, आणि माझ्या मते ते बरोबरच होते. एकाच वेळी बारा उपग्रह ऐकणारे, खिशात मावणारे संच तोवर आले होते. अडून होतं ते अचूकतेसाठी. २ मे २०००ला ती चूक बंद करण्यात आली. कयाकवाल्याचा जीपीएस खऱ्या अर्थाने त्या दिवशी जन्माला आला.

आपल्याकडे हे घराणं दुसऱ्या वाटेने आलं. इंजिनाच्या बोटींवर बसवलेले संच, आणि त्यांच्या जोडीला हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मराठीतही मिळणारी संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना: अक्षांश, रेखांश, खोली, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि दिशा. तो मामला बहुतेक दूरच्या पाण्याचा. कयाकला तो झेपणारा नाही.

आता निवड. पाण्यात टिकणं आणि पाण्यावर तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच लोक फसतात. आयपीएक्स ७ या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही यंत्रात पाणी शिरणार नाही. गार्मिनचा ईट्रेक्स हा शिक्का मिरवतो आणि सरळ तळाला जातो. त्याच कंपनीचे बोटवाल्यांसाठीचे जीपीएसमॅप ७८ किंवा ७९ तरंगतात. तरंगणाराच घ्यावा, आणि तरीही दोरीने कयाकला बांधावा, कारण लाटांतून किनाऱ्याला लागताना कयाक उलटते तेव्हा वस्तू शोधायला सवड नसते. बटणं असलेला घ्यावा. ओल्या, माशाच्या बुळबुळीने माखलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. बाजारात कुठेही मिळणाऱ्या डबल-ए सेलवर चालणारा बरा, म्हणजे जादा जोडी कोरड्या पिशवीत ठेवता येते. मोबाइललाही जागा कळते, अगदी नेटवर्क नसतानाही. पण तो उन्हात तापून बंद पडतो, आणि संकटात फोन करायला शिल्लक राहायला हवा तो हाच.

वापराची एक गोष्ट जवळून बघण्यासारखी. या संचांवर ‘एमओबी’चं बटण असतं, जहाजावरून माणूस पडला तर ती जागा तत्क्षणी टिपण्यासाठी. कयाकवाला ते माशासाठी वापरतो. मागे आमिष ओढत दोन-अडीच नॉटने तो चाललेला असतो, रॉड वाकतो, रीळ किंचाळतं. तो आधी अंगठ्याने ते बटण दाबून धरतो, मग रॉडला हात घालतो. कारण पुढची दहा मिनिटं मोठा यलोटेल कयाकला कुठेही ओढत नेईल, आणि मासा हाती आल्यावर तो कुठल्या कडेला लागला होता हे नुसत्या नजरेने सांगणं अशक्य. त्याचा थवा मात्र तिथेच असू शकतो.

दुसरी गोष्ट वाहण्याची. हॅलिबट माशासाठी तळालगत आमिष घसटत न्यायचं तर नाव संथ वाहायला हवी. पडद्यावर दीड नॉट दिसला, की पाण्यात कापडी ड्रोग सोडून वेग मारतात. हा वेगाचा आकडा यंत्र मुख्यतः संकेतांच्या डॉप्लर फरकावरूनच काढतं, म्हणजे गायर आणि वायफेनबाख यांनी स्पुटनिकच्या आवाजात टिपलेल्या त्याच चढ-उतारावरून. दिशेचं मात्र सांभाळावं. साध्या संचाला दिशा कळते ती तुम्ही चालत असाल तरच. थांबलात की बाण भिरभिरतो. धुक्यात नेमकं थांबलेलं असताना हे होतं, म्हणून कयाकच्या नाकाडावर चुंबकाचं साधं होकायंत्र हवंच.

ला होयात १ जानेवारी २०१२पासून नव्या हद्दींची राखीव क्षेत्रं लागू आहेत, तिथे गळ टाकणं गुन्हा आहे. पाण्यावर कुंपण नसतं. नियमांतल्या हद्दी अंश आणि दशांश मिनिटांत दिलेल्या आहेत. संचही त्याच पद्धतीवर लावावा. ३२° ५१.५००′ ही नोंद कुणी ३२° ५१′ ५०″ अशी भरली, तर जागा सहाशे मीटरहून जास्त सरकते. सकाळी निघताना लाटांमधली शांत वाट आधी टिपावी, गळ नंतर. परतल्यावर संच गोड्या पाण्याने धुवावा, सेल काढून टोकांवर मीठ चढलंय का बघावं, आणि मोलाच्या जागा वहीत उतरवून ठेवाव्यात. ८ फेब्रुवारी २०१०ला अमेरिकेने लोरानचे मनोरे बंद करायला घेतले, तेव्हा मच्छीमारांच्या वह्यांतले आकडे अक्षांश-रेखांशांत बदलून घेता आले. त्यांतल्या कित्येक खडकांवर आज कयाकवालेही जातात.