अशोकाची क्षमा आणि तिची मर्यादा

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व २६० च्या सुमारास, मौर्य सम्राट अशोकाने कलिंग देश जिंकला. या युद्धातील हानीचा आकडा त्याने स्वतःच आपल्या तेराव्या शिलालेखात नमूद केला आहे. दीड लाख माणसे देशाबाहेर नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्यांच्या कितीतरी पट मृत्युमुखी पडली. विजयाचा असा हिशेब एखाद्या विजेत्यानेच पश्चात्तापपूर्वक दगडावर कोरून ठेवावा, हे जगाच्या इतिहासात विरळा.

हा पश्चात्ताप सर्वपरिचित आहे. त्याच लेखातील पुढच्या एका विधानाकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. कोणी अपकार केला तरी, जेवढी क्षमा करणे शक्य असेल तेवढी करावी, असे अशोक तेथे म्हणतो. या वाक्यातील ‘शक्य’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. लगेच तो राज्यातील अरण्यवासी लोकांना बजावतो की, पश्चात्ताप झाला असला तरी राजाचे सामर्थ्य संपलेले नाही; त्यांनी आपल्या कृत्यांची लाज धरावी, म्हणजे त्यांच्यावर मरणाची पाळी येणार नाही.

हे वाचून अशोकाचे हृदयपरिवर्तन वरवरचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यक्तीची क्षमा आणि राजाची क्षमा यांत मूलतःच अंतर आहे. स्वतःवर झालेला अपराध माणसाने पूर्णपणे विसरावा. त्यात त्याचा मोठेपणाच दिसतो. परंतु ज्या गावाची लूट झाली, त्या गावाच्या वतीने राजाने परस्पर उदार होणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीतून दान करण्यासारखे आहे. म्हणूनच अशोकाने देहान्ताची शिक्षा रद्द केली नाही. चौथ्या स्तंभलेखाप्रमाणे, ज्यांना ही शिक्षा झाली त्यांना त्याने तीन दिवसांची मुदत दिली. त्या अवधीत आप्तांनी जीवदानासाठी खटपट करावी, किंवा अपराध्याने दानाने आणि उपवासाने परलोकाची तयारी करावी, हा त्यामागचा हेतू होता. राज्याभिषेकानंतरच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदी मुक्त केल्याचे पाचवा स्तंभलेख सांगतो. दंड राहिला, पण त्यात दयेला जागा झाली.

क्षमेची दुसरी मर्यादा खुद्द कलिंगातच दिसते. भुवनेश्वरजवळील धौली आणि गंजाम जिल्ह्यातील जौगड येथे अशोकाचे लेख आहेत. परंतु अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन लेख तेथे कोरलेले नाहीत. त्यांच्याऐवजी दोन स्वतंत्र लेख आहेत. सर्व माणसे माझी लेकरे आहेत. कोणालाही अकारण बंदीत टाकू नका, छळू नका, अशी ताकीद पहिल्या लेखात अधिकाऱ्यांना दिली आहे. सीमेपलीकडील लोकांना, जे क्षम्य असेल त्याची राजा क्षमा करील, असे आश्वासन दुसऱ्यात आहे. ही व्यवस्था निःसंशय हितकर होती. तथापि राजाचे दुःख गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा दूरदूरच्या ठिकाणी वाचता येते. ज्यांची माणसे मेली त्यांच्या भूमीवर मात्र ते वाचता येत नाही. नेलेल्या दीड लाखांना परत पाठविल्याचा किंवा कलिंगाचे स्वातंत्र्य परत दिल्याचा उल्लेखही या लेखांत नाही.

जेता पश्चात्ताप करू शकतो, राज्य सुधारू शकतो. परंतु आपल्याच अपराधाची क्षमा तो स्वतःला देऊ शकत नाही. तो अधिकार पीडितांचा. धौलीहून काही मैलांवर उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगराज खारवेलाचा लेख आहे. तो बहुधा इ. स. पूर्व पहिल्या शतकातील असावा. मगधाच्या राजाला आपल्या पायांशी वाकविले आणि पूर्वी नंदराजाने नेलेली कलिंगाची जिनमूर्ती परत आणली, असे त्यात अभिमानाने सांगितले आहे. हा अपमान अशोकाच्याही आधीचा होता. पिढ्या गेल्या, राजवंश बदलले, तरी कलिंग तो विसरला नव्हता. जे नेले ते परत येईपर्यंत क्षमेची गोष्ट अपुरीच राहते, हे जणू धौली आणि उदयगिरी येथील लेख एकमेकांसमोर उभे राहून सांगत आहेत.