आकाशातील गडाची रसद

गड बांधणे निराळे आणि गड नांदता ठेवणे निराळे. तटबुरूज कितीही अभेद्य असले, तरी अंबारखाना रिता झाला की किल्लेदारास दरवाजे उघडावे लागतात, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. चीनने पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर जे अंतराळस्थानक उभारले आहे, त्याचा इतिहास चाळताना हीच गोष्ट पुनःपुन्हा आठवते.

या उद्योगाचा आरंभ १९९२ साली झाला. आधी मनुष्य अंतराळात धाडावयाचा, मग लहान प्रयोगशाळा, आणि शेवटी कायमचे स्थानक, अशा तीन पायऱ्या तेव्हाच ठरल्या होत्या. २०११ साली अमेरिकेने आपल्या नासा संस्थेस चीनशी सहकार्य करण्यास कायद्याने मज्जाव केला. त्या मज्जावामुळेच चिनी स्थानक जन्मास आले, असे पुष्कळदा लिहिले जाते. पण वरील सनावळी पाहता ते यथार्थ वाटत नाही.

स्थानकाचे नाव 'तियानगोंग', म्हणजे स्वर्गप्रासाद. आणि मालवाहू यानाचे 'तियानझोऊ', म्हणजे स्वर्गनौका. नावे काव्यमय खरी, पण या नौकेचे काम हमालाचेच. पहिली तियानझोऊ २० एप्रिल २०१७ रोजी हैनान बेटावरील वेनचांग येथून निघाली आणि दोन दिवसांनी तियानगोंग-२ या प्रयोगशाळेस जाऊन जोडली गेली. तिची खरी परीक्षा इंधन पोहोचविण्याची होती. अशा उंचीवरही हवेचा विरळ अंश असतो. त्याच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येते व त्यास वर लोटण्यास इंधन लागते. परंतु जेथे वस्तूंस भार जाणवत नाही, तेथे द्रव आपण होऊन वाहत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या टाकीतील वायूचा दाब प्रथम कमी करावयाचा आणि मग नौकेतील इंधन दाबाने तिकडे ढकलावयाचे. पहिल्या खेपेस या क्रियेला सुमारे पाच दिवस लागले. रशियन लोकांनी ही विद्या १९७८ सालीच साधली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी जुलैत 'लाँग मार्च-५' हा अवजड अग्निबाण अपेशी ठरला आणि स्थानकाचे काम लांबणीवर पडले. अखेर २९ एप्रिल २०२१ रोजी 'तियानहे' हा मूळ विभाग वर गेला. त्यानंतर माणसे गेली नाहीत, माल गेला. २९ मे रोजी निघालेल्या दुसऱ्या नौकेने अन्न, इंधन आणि बाहेर वावरण्याचे पोशाख नेऊन ठेवले. तिघे अंतराळवीर निघाले ते १७ जून रोजी. गडावर शिबंदी चढण्यापूर्वी कोठार भरावे, त्यातलाच हा प्रकार.

या शहाणपणाची कसोटी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागली. शेनझोऊ-२० या यानाच्या खिडकीस तडे गेल्याचे आढळले आणि त्यातून परतणे धोक्याचे ठरले. त्यातील तिघे १४ नोव्हेंबर रोजी नव्या तुकडीच्या यानातून परतले. परंतु त्यामुळे मागे राहिलेल्या तिघांपाशी परतीचे सुरक्षित वाहनच उरले नाही. कोठारात अन्नपाणी होते, म्हणून त्यांस वाट पाहता आली. २५ नोव्हेंबर रोजी शेनझोऊ-२२ हे यान निर्मनुष्य धाडण्यात आले. प्रवाशांच्या जागी त्यात अन्न, औषधे, सुटे भाग आणि त्या तडकलेल्या खिडकीच्या डागडुजीचे साहित्य होते. त्याच दिवशी ते स्थानकास जाऊन लागले.